सल्ला: मागच्या स्प्रिंगा घरी बदलायच्यात, गाडीचाच जॅक चालेल का?

वाचकाचं पत्र

माझ्याकडे २०२३ ची पाच दारांची जिम्नी आहे, मॅन्युअल. छतावर कॅरियर, मागे हत्यारांची पेटी, पाण्याचे दोन कॅन, तंबू असं सामान जवळजवळ कायम गाडीतच असतं. गाडी मागून बसल्यासारखी दिसते आणि खड्ड्यात आपटते. म्हणून ४० मिमी उंची वाढवणाऱ्या स्प्रिंगांचा सेट आणलाय. मागच्या दोन मी आणि मेव्हणा मिळून सोसायटीच्या पार्किंगमध्ये बदलणार आहोत, पुढच्या दोन दिवाळीनंतर. मेव्हणा म्हणतो स्प्रिंग दाबायचा कंप्रेसर भाड्याने आणावा लागेल. गॅरेजवाले म्हणतात काही लागत नाही, शॉकअपचे दोन बोल्ट काढा की झालं. खरं कोणाचं? गाडीबरोबर आलेला जॅक पुरेल का? शॉकअपही आत्ताच बदलावेत का? आरटीओची काही अडचण येईल का?
— एक वाचक, सातारा

उत्तर

गॅरेजवाल्यांचं खरं आहे, पण अर्धं. कंप्रेसर लागत नाही. जिम्नीला मागे अखंड ॲक्सल आहे, त्याच्या दोन टोकांवर स्प्रिंगा बसतात आणि शॉकअप वेगळा असतो. ॲक्सल किती खाली लोंबायचा हे शॉकअपची लांबी ठरवते. त्याचा खालचा बोल्ट काढला की ॲक्सल आणखी खाली येतो आणि स्प्रिंग सैल पडून हातात येते. मेव्हणे ज्या गाड्यांबद्दल बोलताहेत त्यांत पुढे स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात अडकवलेले असतात. तिथे कंप्रेसरशिवाय नट खोलणं जिवावर बेतू शकतं. इथे तसा खांबच नाही. उलट नवखे हात कंप्रेसर वापरतात तेव्हा तो सटकण्याचीच भीती जास्त.

पण ‘दोन बोल्ट काढा की झालं’ हेही खरं नाही. स्प्रिंग काढून घालणं हा या कामातला सगळ्यात सोपा भाग आहे. बिघडतं ते दोन जागी: गाडी हवेत धरून ठेवताना, आणि शेवटी बोल्ट आवळताना. आम्हीही त्या दोन्हींवरच जास्त बोलणार आहोत.

पाना हातात घेण्याआधी आणलेल्या स्प्रिंगा तुमच्या वजनाला योग्य आहेत का ते बघा. दोन-तीन वर्षांच्या गाडीच्या स्प्रिंगा सहसा थकलेल्या नसतात, त्यांच्यावर वजन जास्त असतं एवढंच. हिशेब साधा आहे. मागच्या चाकांवर ८० किलो कायमचं वाढलं तर एका स्प्रिंगवर ४० किलो, म्हणजे सुमारे ३९० न्यूटन. स्प्रिंगचा ताठरपणा समजा मिलिमीटरला २० न्यूटन असेल, तर गाडी मागून जवळजवळ २० मिमी बसणारच. शॉकअप बदलून यात फरक पडत नाही. शॉकअप उसळी आवरतो, वजन स्प्रिंगच पेलते. तुमच्या सेटच्या खोक्यावर ‘किती कायम वजनासाठी’ असा आकडा असेल तो वाचा. १५० किलोंसाठी केलेली स्प्रिंग ५० किलोंवर घातली तर गाडी मागून नको तितकी उचलली जाईल आणि रस्त्यावर उड्या मारेल.

सामानाचं वजन अंदाजाने धरू नका. वजनकाट्यावर फक्त मागची चाकं चढवा, एकदा सामानासकट आणि एकदा सामान उतरवून. ट्रकच्या काट्यावर पाच-दहा किलो इकडेतिकडे होतात, पण या कामाला तेवढं चालतं. बहुतेकांना आकडा बघून धक्का बसतो. वीस लिटरचे दोन कॅन म्हणजेच चाळीस किलो झाले.

आणखी एक गैरसमज आत्ताच दूर करू. स्प्रिंगांनी बॉडी आणि चासी उंचावते, ॲक्सलचा गोळा (मधला फुगीर डिफरन्शियल) नाही. जिम्नीचा २१० मिमी ग्राउंड क्लिअरन्स गोळ्याखाली मोजाल तर ४० मिमीच्या स्प्रिंगा घालूनही तो तेवढाच राहील. तो वाढतो मोठ्या टायरने. उंच स्प्रिंगांचा फायदा उंचवटा ओलांडताना पोटाला, चढ-उताराच्या तोंडाशी बंपरला आणि खड्ड्यात ठोकर बसण्याआधी मिळणाऱ्या जागेला होतो. तुमची तक्रार आपटण्याची आहे, त्यामुळे तुम्हाला फायदा होईलच. मात्र दगड गोळ्याला घासतोय म्हणून कोणी स्प्रिंगा घेत असेल तर पैसे चुकीच्या जागी जातील.

जॅक आणि घोड्या

गाडीबरोबरचा जॅक पंक्चर काढण्यासाठी आहे. या कामात गाडी त्याच्यावर ठेवून खाली वाकायचंही नाही. लागेल तो किमान दोन टनी ट्रॉली जॅक आणि दोन स्टँड, म्हणजे घोड्या. घोड्या घेताना लोक फक्त टनांचा आकडा बघतात. इथे उंची महत्त्वाची. बाजारातल्या तीन टनी घोड्या साधारण ४२ सेंमीपर्यंत जातात. चासी त्यांच्यावर ठेवली आणि ॲक्सल खाली सोडला की बऱ्याचदा तो पुरेसा लोंबण्याआधी ब्रेकचा ड्रम जमिनीला टेकायला येतो आणि स्प्रिंग अडकून बसते. सहा टनी घोड्या साधारण ६० सेंमीपर्यंत उघडतात. जिम्नीच्या वजनाला सहा टनी लागत नाही, उंचीसाठी त्या घ्याव्यात. उंची कमी पडली म्हणून घोडीखाली विटा किंवा सिमेंटचे पोकळ ब्लॉक रचायचे नाहीत. पोकळ ब्लॉक फुटण्याआधी इशारा देत नाही.

घोडीखालची जमीन बघा. पेव्हर ब्लॉकवर घोडीचा एक पाय सांध्यात रुततो. शहाबादी फरशीखाली पोकळी असेल तर ती एका क्षणात तडकते. उन्हात तापलेल्या डांबरावर घोडी सावकाश खाली जात राहते आणि ते तुम्हाला दिसतही नाही. सिमेंटचा सपाट कोबा सगळ्यात बरा. नसेल तर प्रत्येक घोडीखाली १८ मिमी प्लायवूडचा फूटभर चौरस तुकडा घाला. पार्किंगला पाण्यासाठी उतार दिलेला असतो, तो टाळा. जमलंच नाही तर गाडीचं तोंड उताराच्या दिशेला ठेवून पुढच्या चाकांना ठोकळे पक्के लावा.

आता सगळ्यांच्या नजरेतून सुटणारी गोष्ट. हँडब्रेक मागच्या ड्रमवर चालतो. मागची चाकं हवेत गेली की हँडब्रेक असून नसल्यासारखा. गाडी २एच मध्ये, म्हणजे फक्त मागच्या चाकांच्या ड्राइव्हवर, असेल तर गिअरही मागच्या चाकांनाच धरतो, पुढची चाकं पूर्ण मोकळी असतात. गाडी उचललेली आणि तिला कुठेच रोध नाही, अशी ही अवस्था. म्हणून इंजिन चालू असताना लिव्हर ४एच (चारही चाकांची ड्राइव्ह) मध्ये टाका, डॅशवर फोर व्हील ड्राइव्हचा दिवा लागल्याची खात्री करा, मग इंजिन बंद करून पहिला गिअर घाला. ऑटोमॅटिक असती तर पी. लिव्हर ४एच आणि ४एल (चारही चाकं, संथ गिअर) यांच्यात अर्धवट राहू देऊ नका, तिथे न्यूट्रल असतो. आणि एवढं करूनही भरवसा ठोकळ्यांवरच ठेवा: दोन्ही पुढच्या चाकांना, पुढून आणि मागून, असे चार. जिम्नीच्या पुढच्या हबांचं लॉकिंग व्हॅक्यूमवर चालतं, जीव त्याच्या हवाली करण्यासारखा नाही.

आदल्या संध्याकाळी

गाडी खालून धुऊन घ्या. शॉकअपच्या खालच्या बोल्टांना, ट्रेलिंग आर्मच्या (ॲक्सलला मागेपुढे धरणारा दांडा) आणि पॅनहार्ड रॉडच्या (त्याला आडवा धरणारा दांडा) बोल्टांना गंज सोडवणारा स्प्रे मारा, रात्री झोपण्याआधी पुन्हा एकदा मारा. समुद्राकाठी फिरलेल्या गाड्यांत शॉकअपचा बोल्ट बुशच्या आतल्या नळीला गंजून एकजीव होतो. नट सुटतो, बोल्ट फिरतो, पण बाहेर येत नाही. तिथे गॅसची ज्योत लावायचा मोह होईल. रबराचा बुश, ब्रेकचा होज आणि इंधनाच्या नळ्या सगळं हाताच्या अंतरावर आहे, तेव्हा नको. असा अडकलेला बोल्ट आढळला तर नट परत आवळा आणि गाडी गॅरेजला न्या.

याच वेळी मापं घ्या. चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत, चारही कोपऱ्यांत, गाडी सपाट जागेवर, रोजचं सामान आत ठेवून. जमिनीपासून मोजू नका, टायरमधली हवा मापात शिरते. मागच्या दोन्ही टायरच्या बाहेरच्या कडेपासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं आडवं अंतरही लिहून ठेवा, नंतर लागेल. पेट्रोलच्या टाकीची पातळीही नोंदवा. जिम्नीची टाकी ४० लिटरची, भरलेली आणि रिकामी यांत जवळपास तीस किलोंचा फरक पडतो.

हत्यारं: १० ते १९ मिमी गोट्या (सॉकेट), रॅचेट, लांब दांड्याची टॉमी, त्याच मापांचे चपटे पाने (बोल्टचं दुसरं टोक धरायला), तारेचा ब्रश, टॉर्क रेंच, दोन मजबूत पट्टे, विजेरी. शॉकअप आणि आर्मसाठी नवे सेल्फ-लॉकिंग नट आणून ठेवा, जुने पुन्हा तितके धरत नाहीत. प्रत्येक बोल्टचा टॉर्क आकडा वर्कशॉप मॅन्युअलमधून आधीच कागदावर उतरवा. ग्रीसच्या हातांनी फोनवर शोधायची वेळ येऊ नये. चाकाच्या नटांचा आकडा १०० न्यूटन मीटर आहे.

खोलताना

चाकं जमिनीवर असतानाच नट पाव फेरा ढिले करा. ट्रॉली जॅक मागच्या ॲक्सलच्या मध्याला, मध्ये लाकडी फळकुट ठेवून लावा. गोळ्यामागच्या पत्र्याच्या झाकणावर जॅकची वाटी येऊ देऊ नका, ते चेपून तेल गळतं. गाडी वर घ्या. घोड्या चासीच्या जाड दांड्यांखाली, ट्रेलिंग आर्म चासीला जिथे जोडलाय त्याच्या जरा पुढे उभ्या करा. घोडीचा दात खाचेत पूर्ण बसलाय ना बघा, मग जॅक सावकाश सोडून चासी घोड्यांवर टेकवा. जॅक ॲक्सलला चिकटूनच राहू द्या. आता गाडीला बाजूने जोरात ढकलून बघा. हलायची असेल तर आत्ता हलू दे, तुम्ही खाली असताना नाही. हँडब्रेक सोडून द्या, ॲक्सल खाली जाताना त्याच्या केबल ताणल्या जाऊ नयेत. काढलेली दोन्ही चाकं दरवाजाखाली, चासीच्या खाली आडवी सरकवून ठेवा. घोडी दगा दिलीच तर गाडी त्यांच्यावर थांबेल.

आता स्प्रिंगला हात लावण्याआधी ॲक्सलला वरून काय काय जोडलंय ते शोधा. ब्रेकचा रबरी होज, एबीएस सेन्सरच्या वायरी, गोळ्याची हवा खेळती ठेवणारी बारीक नळी, हँडब्रेकच्या केबल. होजचा आणि वायरींचा चासीवरचा क्लॅम्प सोडवला की बोटभर-दोन बोटं ढील मिळते. होज मात्र उघडायचा नाही. ब्रेकची लाइन उघडली नाही तर ब्रेकमधली हवा काढायचा प्रश्नच येत नाही. या कामात सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे ॲक्सलचं वजन होजवर लोंबणं. बाहेरून होज ठीक दिसतो, आतलं अस्तर फाटलेलं असतं, आणि ते कळतं घाटात.

मग ट्रेलिंग आर्मचे आणि पॅनहार्ड रॉडचे बोल्ट फक्त ढिले करा, काढू नका. कारण पुढे येईल. जॅक किंचित वर घेऊन शॉकअपवरचा ताण काढा आणि दोन्ही बाजूंचे खालचे बोल्ट काढा. एकाच बाजूचा काढून चालत नाही, दुसरा शॉकअप ॲक्सलला धरून ठेवतो. शॉकअप गॅसचे असतील तर सुटल्यावर आपोआप लांब होतात, त्यांना पट्ट्याने वर बांधून टाका.

आता एकाने जॅक अगदी हळू सोडायचा आणि दुसऱ्याने फक्त होज आणि वायरींवर विजेरी धरायची. दुसऱ्याला दुसरं काही काम देऊ नका. होज ताणायला लागला की ‘थांब’. स्प्रिंग बहुधा त्याआधीच सैल होते. ती हाताने हलायला लागली की खालून तिरकी करून बाहेर ओढा. स्प्रिंगच्या वेढ्यांत किंवा खालच्या बैठकीत बोटं घालायची नाहीत, ती पूर्ण सैल आहे असं वाटलं तरी.

नवी स्प्रिंग बसवताना

जुनी आणि नवी शेजारी उभ्या करा. नवी तेवढ्याच उंचीची किंवा थोडी बुटकी दिसली तर फसवले गेलो असं समजू नका. एका स्प्रिंगवर समजा २५० किलो, म्हणजे सुमारे २४५० न्यूटन आहेत. २० चा ताठरपणा असलेली स्प्रिंग त्याखाली १२२ मिमी दबते, २८ ची दबते साडेसत्त्याऐंशी. मोकळी लांबी सारखीच असूनही गाडी ३५ मिमी वर राहते. ताठरपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. बाकी सगळं तेच ठेवून ११ मिमी तार १२ मिमी केली तर ताठरपणा ४२ टक्क्यांच्या आसपास वाढतो. म्हणून डोळ्यांनी ‘थोडीशीच जाड’ दिसणारी स्प्रिंग चालवताना खूप कडक लागते.

स्प्रिंगांवरच्या खुणा वाचा. काही उत्पादक चालकाच्या बाजूची स्प्रिंग किंचित उंच करतात आणि डावी-उजवी असा शिक्का मारतात. काहींत एका टोकाला वेढे जवळजवळ असतात. ते टोक वर की खाली हे कागदात दिलेलं असतं. कागद नसेल तर छापलेली अक्षरं सुलटी वाचता येतील अशी बसवा.

खालची बैठक तारेच्या ब्रशने साफ करा, तिथला चिखल ओल धरून पत्रा खातो. वरचा रबरी पॅड चिरला असेल तर नवा घाला. फार महाग नसतो, आणि तो बदलायला पुन्हा हा सगळा खटाटोप करावा लागतो. बंपस्टॉप, म्हणजे ॲक्सल वर आपटू नये म्हणून असलेला रबरी ठोकळा, फाटलाय का बघा. तुमची गाडी आपटते म्हणता, तर त्याने मार खाल्लेला असणारच.

स्प्रिंग आत घाला आणि तारेचं शेवटचं टोक बैठकीतल्या पायरीला टेकेपर्यंत फिरवा. हे टोक चुकलं की स्प्रिंग बैठकीवर चढून बसते, वाकडी दबते आणि प्रत्येक गतिरोधकावर टकटक करते. नवी स्प्रिंग लांब असेल आणि जागा पुरत नसेल तर पहार घालून ॲक्सल खाली दाबू नका. ज्या बाजूला बसवायची तिच्या विरुद्ध टोकाखाली जॅक लावून ते टोक वर उचला, ॲक्सल कलतो आणि तुमच्या बाजूला जागा होते. गाडीबरोबरच्या जॅकला या ठिकाणी मदतनिसाचं काम देता येईल. चासी घोड्यांवर आणि ॲक्सल ट्रॉली जॅकवर असताना तो फक्त एक टोक वरखाली करतोय, गाडी पेलत नाही.

दोन्ही स्प्रिंगा बसल्या की ॲक्सल हळूहळू वर घ्या आणि दर दोन-तीन सेंमीला थांबून चारही टोकं बघा, वरची दोन आणि खालची दोन. शॉकअपचे बोल्ट घाला, नट हाताने घट्ट होतील एवढेच फिरवा. होज आणि वायरींचे क्लॅम्प परत लावा. ॲक्सल चार-पाच सेंमी वरखाली करून कुठे काही ताणतंय का हे पुन्हा बघा.

आवळायची वेळ

घरी केलेलं काम सहा महिन्यांत बिघडतं ते इथे. ट्रेलिंग आर्म आणि पॅनहार्ड रॉडच्या टोकांना रबरी बुश असतात. त्यातलं रबर आतल्या आणि बाहेरच्या दोन्ही नळ्यांना चिकटवलेलं असतं, ते फिरत नाही, पिळतं. बोल्ट आवळला की आतली नळी कंसाला जखडली जाते. गाडी हवेत असताना, ॲक्सल लोंबत असताना आवळलंत, तर बुशला वाटतं हीच आपली आरामाची जागा. गाडी जमिनीवर आली की तो कायमचा पिळलेला राहतो. रबर लवकर फाटतं, मागून करकर येते आणि पिळलेले बुश स्वतःच थोडा जोर लावत राहिल्याने उंचीचं मापही खोटं येतं.

म्हणून चाकं बसवा, गाडी जमिनीवर घ्या, मागच्या बंपरवर दोन-चार वेळा जोर देऊन उसळवा, दोन-तीन मीटर पुढेमागे हळूच घ्या. बोल्ट अजून सैल आहेत, रस्त्यावर न्यायची नाही. मग ठोकळे लावून, गाडीचं पूर्ण वजन चाकांवर असताना खालून शिरून आर्म, पॅनहार्ड आणि शॉकअपचे बोल्ट लिहून ठेवलेल्या टॉर्कला आवळा. जिम्नीखाली तेवढी जागा मिळते. कमीच वाटली तर घोड्या चासीऐवजी ॲक्सलच्या नळीखाली, शक्य तितक्या बाहेरच्या बाजूला लावा. गाडीचं वजन ॲक्सलवरच राहतं, त्यामुळे बुश त्याच स्थितीत असतात. आट्यांना ग्रीस किंवा तेल लावलेलं नको. तेलाने घर्षण कमी होतं, टॉर्क रेंच त्याच आकड्यावर ‘कट’ करतो आणि बोल्ट मात्र हवा त्याहून जास्त ताणला जातो. चाकाचे नट ताऱ्याच्या क्रमाने, १०० न्यूटन मीटर. शंभरेक किलोमीटरनंतर हे सगळे बोल्ट पुन्हा एकदा तपासा.

पुढच्या स्प्रिंगा दिवाळीनंतर कशाला?

हा बेत आम्हाला पटत नाही. तुमच्या गाडीचा व्हीलबेस २५९० मिमी आहे. फक्त मागून ४० मिमी उचलली की सगळी गाडी जवळजवळ ०.९ अंशाने पुढे झुकते. तेवढाच पुढचा कॅस्टर कमी होतो, म्हणजे स्टिअरिंग सरळ रेषेत परत येण्याची ओढ कमी होते. जिम्नीसारख्या अखंड पुढच्या ॲक्सलला कॅस्टरची कमतरता आवडत नाही. हायवेच्या वेगात स्टिअरिंग थरथरायला लागण्याची शक्यता वाढते. हेडलाइटही खाली जातात, १० मीटरवर सुमारे १५ सेंमी. लाइट नव्याने लावून घेता येतील, कॅस्टर तसा सहज येत नाही. आत्ताची गाडी २० मिमी बसलेली असेल तर यातलं निम्मं ते बसणं भरून काढण्यात जाईल, तरीही मागच्या आणि पुढच्या स्प्रिंगांत आठ-पंधरा दिवसांपेक्षा जास्त अंतर ठेवू नका. तोवर घाटात आणि हायवेवर वेग आवरता ठेवा. पुढच्या स्प्रिंगा बसवल्यावर कॅस्टर आणखी घटतो, कारण पुढचे आर्म खाली झुकताना ॲक्सलला फिरवतात. तेव्हा व्हील अलाइनमेंटला कॅस्टरचा आकडा मागून घ्या आणि कमी असेल तर कॅस्टर दुरुस्त करणारे बुश टाका. ‘अलाइनमेंट झाली’ एवढ्यावर समाधान मानू नका, बरेच जण फक्त टो, म्हणजे चाकं आत-बाहेर किती वळलीत तेवढंच, बघतात.

मागचं आडवं माप आता कामाला येईल. पॅनहार्ड रॉड एका टोकाला चासीला आणि दुसऱ्याला ॲक्सलला असतो. बॉडी वर गेली की तो ॲक्सलला काही मिलिमीटर एका बाजूला ओढतो. दोन्ही टायर मडगार्डपासून सारखेच आत होते आणि आता एक चार-पाच मिमी बाहेर आलाय, असं दिसलं तर घाबरू नका, तसंच चालतं. फरक सेंटिमीटरच्या पलीकडे गेला किंवा टायर कुठे घासू लागला तर लांबी बदलता येणारा रॉड घ्या.

शॉकअपबद्दल: ४० मिमीला ते बदलावेत असं आमचं मत आहे. बॉडी ४० मिमी वर गेली म्हणजे शॉकअप तेवढाच आधीपासून ताणलेला राहतो आणि खाली सुटायला उरलेली जागा तेवढीच कमी होते. चाक खड्ड्यात पडलं की शॉकअप पूर्ण लांब होऊन धातूचा ‘ठण्ण’ आवाज करतो आणि त्याच्या आतल्या भागांवर झटका बसतो. शिवाय मूळ शॉकअप मूळ स्प्रिंगच्या ताठरपणाला आवरण्यासाठी केलेला असतो. जास्त कडक स्प्रिंगची उसळी त्याला आवरत नाही, गाडी डोलत राहते. पैसे एकदम नसतील तर आत्ता जुने ठेवून वेग आणि उड्या कमी करा. पण बोल्ट काढलेच आहेत तर ते काम एकाच वेळी उरकणं शहाणपणाचं. आणि घेताना नुसते कडक घेऊ नका, लांबीने ४० मिमी लिफ्टसाठी केलेले घ्या.

स्प्रिंगा बसतात, म्हणजे पहिल्या तीनशे-पाचशे किलोमीटरमध्ये उंची थोडी उतरते. खरं माप त्यानंतर, तेवढंच सामान आणि तेवढंच पेट्रोल ठेवून घ्या. ४० मिमीच्या खोक्यातून तुमच्या वजनाखाली २५-३० मिमीच मिळाले तर स्प्रिंग खोटी नाही. ४० चा आकडा उत्पादकाने धरलेल्या वजनावरचा असतो.

आरटीओचं: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील आणि उत्पादकाने दिलेली मूळ रचना यांच्याशी न जुळणारा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे कलम ठामपणे उचलून धरलं. कंपनीच्याच मापाच्या स्प्रिंगा घालणं ही दुरुस्ती. उंची वाढवणाऱ्या स्प्रिंगा हा बदल, आणि त्यावर कोणी बोट ठेवलं तर वाद घालायला फारसा आधार उरत नाही. विमा कंपनीला लेखी कळवा. अपघातानंतर सर्व्हेअरच्या लक्षात येण्यापेक्षा आधी सांगितलेलं बरं. गाडी वॉरंटीत असेल तर सस्पेन्शनचा दावा नाकारला जाऊ शकतो हेही धरून चला.

याच कारणाने काढलेल्या स्प्रिंगा भंगारात देऊ नका. पुसून, डाव्या-उजव्याची चिठ्ठी लावून, जुने बोल्ट एका पिशवीत घालून माळ्यावर टाका. गाडी विकताना किंवा मूळ उंचीवर आणावी लागली तर नव्या जोडीचा खर्च वाचेल.